बेसिनमध्ये ओतू नका, रोजच्या कचऱ्यातही टाकू नका

बाथरूमचं कपाट आवरताना मी एकदा तळाला उरलेलं ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकाच बादलीत ओतलं, म्हटलं एकदमच फ्लश करून टाकू. काही सेकंदात डोळ्यांची आग झाली, घसा धरला आणि बाहेर येऊन कितीतरी वेळ नुसती खोकत बसले. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा ॲसिड असतं, ते ब्लीचला लागलं की क्लोरीन गॅस निघतो, आणि अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे ब्लीचमध्ये गेला तर क्लोरामाइन तयार होतो, तोही फुप्फुसांना तितकाच वाईट. म्हणून घरातल्या घातक कचऱ्याचा पहिला नियम हाच, उरलेलं काहीही एकत्र करायचं नाही, ज्या बाटलीत आलं त्याच बाटलीत झाकण घट्ट लावून ठेवायचं, लेबल सुद्धा काढायचं नाही. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर अजिबात भरू नका, घरातलं कुणी चुकून पिऊ शकतं.

घरात एक वेगळा खोका ठेवा, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी आणि गॅसपासून लांब. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, थिनर, झुरळांचं औषध, नेलपेंट रिमूव्हर हे सगळं आपापल्या पॅकिंगमध्ये त्यातच जाईल. मग तुमच्याकडे घातक कचरा किंवा ई-कचरा कुठे घेतात ते पालिकेकडे विचारा आणि साठलं की एकदम नेऊन द्या.

बॅटऱ्यांचं जरा नीट सांगते, कारण संपली म्हणजे मेली असं आपण धरून चालतो आणि ते खरं नाही. संपलेल्या बॅटरीतही थोडा करंट उरतो, टोकं एकमेकांना किंवा धातूला टेकली तर ठिणगी पडू शकते, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीत तर दोन्ही टोकं शेजारीशेजारीच असतात, म्हणून टोकांवर चिकटपट्टी लावूनच ठेवा. बटण सेलला दोन्ही बाजूंनी पट्टी लावा आणि लगेच नजरेआड करा, मुलानं गिळला तर २ तासांत अन्ननलिका भाजू शकते, अगदी संपलेला सेल असला तरी. तशी शंका जरी आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

मोबाईलची बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग ताबडतोब बंद करा, टोचू नका, दाबून सपाट करायला जाऊ नका. कचऱ्याच्या गाडीत अशी बॅटरी दाबली गेली की आग लागते आणि तिथे काम करणारी माणसं भाजतात. जळणाऱ्या वस्तूंपासून दूर, कोरड्या वाळूत ठेवा आणि लवकरात लवकर ई-कचरा घेणाऱ्यांना द्या.

आता पारा. जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते दीड ग्रॅम पारा असतो आणि तो नुसत्या खोलीच्या तापमानालाही वाफ होऊन हवेत जातो. थर्मामीटर फुटला तर मुलं आणि पाळीव प्राणी बाहेर, खिडक्या उघड्या, पंखा आणि एसी बंद. झाडूनं पाऱ्याच्या गोळ्या आणखी बारीक होऊन पसरतात आणि व्हॅक्यूम क्लीनरनं वाफ घरभर जाते, त्यामुळे दोन्ही नकोत. हातातली अंगठी काढा (पारा सोन्याला चिकटतो), ग्लोव्ह्ज घाला, दोन जाड कार्डांनी गोळ्या एकत्र ढकला, लाइट कमी करून टॉर्च जमिनीलगत धरा म्हणजे चमकणारे बारीक कण दिसतील, ते चिकटपट्टीनं उचला. सगळं झाकणाच्या बाटलीत बंद करून वर पारा असं लिहा. सीएफएल बल्बमध्ये पारा फारच कमी, सहसा ५ मिलिग्रॅमच्या आत, पण तो फुटला तरी खिडकी उघडून १० मिनिटं खोलीबाहेर थांबा आणि मगच काचा उचला, हातानं नाही, कार्डानं.

औषधं फ्लश करू नका, ती पाण्यात जातात आणि सांडपाणी साफ करतानाही पूर्ण निघत नाहीत. मेडिकलवाला परत घेत असेल तर उत्तमच. नसेल तर गोळ्या वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत मिसळा, पिशवी बंद करा आणि मग कचऱ्यात टाका, म्हणजे कुणी काढून खाणार नाही. पाकिटावरचं आपलं नाव खोडा. इन्सुलिनच्या सुया मात्र जाड प्लास्टिकच्या डब्यात, टोपण परत लावायच्या भानगडीत न पडता, आणि डबा पाऊण भरला की सील करा.

स्प्रेचे कॅन टोचू किंवा जाळू नका. जवसाच्या तेलाचं पॉलिश पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, बाहेर एकेक पसरून कडक वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवा.

आणि एखाद्या बाटलीचं लेबलच गेलं असेल तर उघडून वास घेऊ नका, वर 'आत काय ते माहीत नाही' असं मोठं लिहा आणि देताना तिथल्या माणसाला तोंडानंही सांगा.