आखूड लिव्हर रायफलीसाठी कॅलिबर निवडताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात लिव्हर रायफलीविषयी (चापाभोवतीचा दांडा पुढे-मागे करून काडतूस भरायच्या रायफलीविषयी) विचारणारी माणसे प्रामुख्याने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारच्या घरात आजोबा-पणजोबांच्या काळातली विंचेस्टर किंवा मार्लिन कंपनीची रायफल वारशाने आलेली असते आणि परवाना नावावर करून घेताना तिचे कॅलिबर, म्हणजे तिला लागणाऱ्या काडतुसाचे माप, नेमके कोणते, असा प्रश्न पडतो. दुसऱ्या प्रकारात मुलगा, भाचा किंवा जावई अमेरिकेत स्थायिक झालेला असतो. तो तिथल्या कायद्याप्रमाणे परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो आणि १६ ते २० इंच नळीची हलकी रायफल घेण्याच्या विचारात असतो. दोघांचाही प्रश्न ‘सगळ्यांत चांगले कॅलिबर कोणते?’ असाच असतो, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. कॅलिबर हा एकटा आकडा नसतो. नळीवरचा पूर्ण शिक्का, मॅगझीनची (काडतुसे साठवण्याच्या भागाची) रचना, नळीची लांबी आणि कायदेशीररीत्या हाती येणारे काडतूस या चार गोष्टी एकत्र पाहिल्या तरच तो आकडा उपयोगाचा ठरतो.

कायदा शेवटी पाहणे

आपल्या देशात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. रानडुकरांनी उसाचा फड किंवा भाताचे खाचर उद्ध्वस्त केले तरी त्यांना मारण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. त्यासाठी कलम ११ खालील लेखी परवानगीच लागते. पीक संरक्षणासाठी दिलेला शस्त्र परवाना हा शस्त्र बाळगण्याचा परवाना असतो, प्राणी मारण्याचा नव्हे. हा फरक न समजल्यामुळे चांगली, कष्टाळू माणसे खटल्यात अडकतात. कोडगूमधील कोडव समाजाला शस्त्र परवान्याबाबत जी सूट आहे, ती कर्नाटकात सर्वत्र चालते असा समजही आपल्याकडे अधूनमधून ऐकू येतो. ती सवलत बेळगाव जिल्ह्याला लागू नाही.

वारशाने रायफल येणार असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, हे आधी ध्यानात घ्यावे. ३०३ आणि ७.६२ मिलिमीटर ही सैनिकी काडतुसे ज्या रायफलीत चालतात, त्या निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या नळीच्या मापांत, मोडतात. म्हणून ३०८ विंचेस्टरसारख्या, ७.६२ शी जवळचे नाते असलेल्या कॅलिबरची जुनी रायफल घरात निघाली, तर जिल्हाधिकारी कार्यालयाचे लेखी उत्तर मिळेपर्यंत पुढचे पाऊल टाकू नये.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. लांब नळीची जुनी रायफल आखूड आणि हाताळायला सोपी करावी म्हणून लोहाराकडून नळी कापून घेण्याचा विचार काहींच्या मनात येतो. परवान्याशिवाय नळी आखूड करण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ ने मनाई केली आहे. शिवाय कापलेल्या तोंडाची कड समान राहिली नाही, तर गोळी नळीतून बाहेर पडतानाच वायूचा जोर एका बाजूने लागून ती भरकटते.

शिक्का अर्धाच वाचणे

जुन्या लिव्हर रायफलींच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच चुकीची. विंचेस्टर कंपनीने आपल्या काडतुसांना दिलेली नावे आणि आज प्रचलित असलेली नावे वेगळी आहेत. नळीवर ‘३० डब्ल्यू. सी. एफ.’ असे असेल, तर ते आजचे ३०-३० होय. ‘४४ डब्ल्यू. सी. एफ.’ म्हणजे ४४-४० आणि ‘३२ डब्ल्यू. सी. एफ.’ म्हणजे ३२-२०. ‘३२ डब्ल्यू. एस.’ म्हणजे मात्र ३२ विंचेस्टर स्पेशल, जे ३२-२० पेक्षा कितीतरी लांब आणि जोरदार काडतूस आहे. दोन्हींच्या आरंभी ३२ हाच आकडा असल्यामुळे परवान्यावर नोंद करणारा कारकून नुसते ‘३२’ लिहून मोकळा होतो.

आपल्याकडे या अर्धवट नोंदीचा धोका दुप्पट होतो. भारतात ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल हे परवानाधारकांचे नित्याचे शस्त्र आहे, त्यामुळे दुकानात ३२ ची काडतुसे मिळतात. परवान्यावर ३२ आणि डब्यावरही ३२ पाहून ती काडतुसे ३२-२० च्या रायफलीत भरण्याचा मोह होऊ शकतो. रिव्हॉल्व्हरच्या ३२ काडतुसाची पुंगळी (दारू भरलेली पितळी नळी) बुडाशी सुमारे ०.३३७ इंच असते, तर ३२-२० ची ०.३५३ इंच. एवढ्या सैल जागेत बार झाला की पुंगळीला भिंतीचा आधार मिळत नाही. ती फुगते, उभी चिरते आणि तापलेला वायू मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो.

म्हणून रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, लिव्हर उघडी ठेवून, नळीची डावी बाजू, वरची बाजू आणि चेंबरजवळचा (बार होताना काडतूस जिथे बसते त्या पोकळीजवळचा) भाग तेलाच्या फडक्याने हलके पुसून उजेडात पाहावा. अक्षरे पुसट झालेली असतात, पण तिरक्या प्रकाशात बहुधा वाचता येतात. आकड्यापुढची अक्षरे जशीच्या तशी लिहून घ्यावीत आणि परवान्यावरील नोंद, ती कोणत्याही भाषेत असो, आकडा न् आकडा आणि अक्षर न् अक्षर जुळवून दुरुस्त करून घ्यावी. शिक्का वाचताच येत नसेल, तर परवानाधारक कारागिराकडून चेंबरचे माप काढून घेतल्याशिवाय एकही बार काढू नये. शंभर वर्षांत कोणीतरी चेंबर मोठे करून घेतलेले असणेही अशक्य नसते.

शिक्का बरोबर वाचला तरी रायफलीची ताकद पाहावी लागते. ४४-४० हे काडतूस १८७३ च्या मॉडेलमध्येही येते आणि १८९२ च्या मॉडेलमध्येही. पहिल्याची कुलूपबंदी (बार होताना नळीचे मागचे तोंड बंद ठेवणारी रचना) सांध्यांवर उभी असल्यामुळे कमकुवत, तर दुसऱ्याची बरीच भक्कम. एके काळी कंपनीने जोरदार भरणीची ४४-४० काडतुसे काढली, तेव्हा ती १८७३ मध्ये वापरू नयेत अशी सूचना डब्यावर छापावी लागली होती. अशा जुन्या डब्यातली काडतुसे रायफलीसोबत वारशाने आली असतील, तर ती रायफलीत न भरता परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करणे योग्य.

टोकदार गोळी आणि नळीचे मॅगझीन

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आपल्या भागात रायफलीची उत्तम जाण असलेले निवृत्त जवान गावोगावी आहेत. त्यांनी आयुष्यभर टोकदार गोळीची काडतुसे हाताळलेली असतात, आणि लांबवर सरळ जाण्यासाठी टोकदार गोळीच चांगली, हे त्यांचे मत पेटी-मॅगझीनच्या रायफलीबाबत पूर्ण बरोबर आहे. बहुतेक लिव्हर रायफलींत मात्र काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, नेमके मध्यभागी असलेल्या टोपीवर (ठोका बसताच दारू पेटवणाऱ्या भागावर) टेकलेले असते. बार झाला की रायफल मागे उसळते आणि मॅगझीनमधली सगळी ओळ स्प्रिंगवर आपटून परत येते. त्या हिसक्यात कठीण, टोकदार गोळी टोपीवर सुईसारखे काम करू शकते आणि मॅगझीनमध्येच स्फोट होतो, तोही पुढची मूठ धरलेल्या हाताखाली.

म्हणून ३०-३०, ३५ रेमिंग्टन, ४५-७० अशा काडतुसांना सपाट किंवा बोथट नाकाच्या गोळ्या असतात. हॉर्नडी कंपनीच्या मऊ, दबणाऱ्या टोकाच्या गोळ्या याच अडचणीवर काढलेल्या आहेत आणि त्या नळीच्या मॅगझीनमध्ये चालतात. पण कठीण प्लास्टिकच्या टोकाची कोणतीही गोळी त्यांच्यासारखीच दिसते म्हणून चालेल, असे धरू नये. डब्यावर नळीच्या मॅगझीनसाठी योग्य असल्याचे स्पष्ट लिहिलेले असावे. टोकदार गोळीच हवी असेल, तर रचना वेगळी निवडावी: सॅव्हेज ९९ च्या जुन्या रायफलींत फिरते मॅगझीन आहे, ब्राउनिंग बीएलआरमध्ये काढता येणारी पेटी आहे आणि विंचेस्टर १८९५ मध्येही उभी पेटी आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ च्या आफ्रिका मोहिमेत ४०५ कॅलिबरची जी विंचेस्टर नेली होती, ती हीच १८९५.

लांब नळीचे आकडे आखूड नळीला लावणे

काडतुसाच्या डब्यावरचा वेग बहुधा २४ इंची चाचणी-नळीतून मोजलेला असतो. ३०-३० ची १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळी-दारूचे वजनमाप) गोळी तिथे सेकंदाला सुमारे २,३९० फूट आणि १७० ग्रेनची २,२०० फूट जाते. नळी आखूड झाली की ढोबळ मानाने इंचामागे १५ ते २५ फूट वेग घटतो, म्हणजे १६ इंची रायफलीत १२० ते २०० फुटांची तूट येते. त्याशिवाय न जळलेली दारू तोंडाशी पेटल्याने भपका आणि आवाज वाढतो. १०० यार्डांवरच्या हरणासाठी ही तूट चालून जाते. १०० यार्डांवर नेम बसवलेली ३०-३० ची गोळी २०० यार्डांवर सात-आठ इंच खाली उतरते, हे ठाऊक नसलेला माणूस मात्र जनावर जखमी करून सोडतो. नीट न मारता जनावर जखमी करणे ही शिकाऱ्याच्या हातून होणारी मोठी हानी आहे.

पिस्तुलाच्या काडतुसांचे गणित याच्या उलट आहे, आणि आखूड रायफलीसाठी ते मला अधिक पटते. ३५७ मॅग्नमची १५८ ग्रेनची गोळी चार इंची रिव्हॉल्व्हरमधून साधारण १,२३५ फूट वेगाने जाते, तर १६ ते १८ इंची रायफलीतून १,८०० फुटांच्या आसपास पोहोचते. ४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी रायफलीतून सुमारे १,७६० फूट वेगाने जाते आणि तिची ऊर्जा १,६५० फूट-पाउंड भरते. इतक्या आखूड नळीत या काडतुसांची दारू जवळजवळ पूर्ण जळून जाते. त्यामुळे दाट झाडीत ७५ ते १०० यार्डांच्या आत मध्यम आकाराच्या हरणासाठी ४४ मॅग्नम ही माझ्या मते नेटकी निवड आहे. दीडशे यार्डांपुढे मात्र ती नको. १०० वर नेम बसवलेली ही गोळी २०० वर दीड फुटाच्या आसपास खाली येते. ज्याला एकाच रायफलीत सगळे हवे आहे, त्याने २० इंची नळीची ३०-३० घ्यावी.

मोठा आकडा म्हणजे जास्त जोर हा समज

४५-७० हे नाव ऐकून अनेकांचे डोळे चमकतात. त्यातला ४५ हा गोळीचा व्यास आणि ७० हे काळ्या दारूचे ग्रेनमधले वजन. काडतूस १८७३ चे आहे आणि ४०५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे १,३३० फूट सोडणारे आहे. आधुनिक रायफलींसाठी त्याची बरीच जोरदार भरणी मिळते, पण ती सात पाउंडांच्या आखूड रायफलीत खांद्याला जो धक्का देते, त्यामुळे नवखा माणूस बार होण्याआधीच डोळे मिटून चाप ओढायला लागतो. ती सवय लागली की नेम कायमचा बिघडतो. अस्वल किंवा मूस (उत्तर अमेरिकेतले प्रचंड हरीण) हे लक्ष्य नसेल, तर ४५-७० ची गरज नाही.

गोळीचे वजन वाढवतानाही नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचा, पाहावेत. मार्लिनच्या जुन्या ४४ मॅग्नम रायफलींत आट्यांचा एक वळसा ३८ इंचांत पूर्ण होतो. इतक्या संथ वळणात ३०० ग्रेनच्या लांब गोळ्या स्थिर राहतीलच असे नाही. कागदावर छिद्र गोल न पडता लांबट पडत असेल, तर गोळी आडवी होते आहे असे समजून वजन कमी करावे.

परदेशातील नातेवाइकाने तिथल्या राज्याचा नियम आधी वाचावा. ओहायोमध्ये हरणासाठी सरळ भिंतीच्या पुंगळीचेच रायफल-काडतूस चालते, म्हणजे निमुळत्या मानेचे ३०-३० तिथे बाद आणि ३५७, ४४ मॅग्नम, ४५-७० चालू. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळीच बंद आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १६ इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलीला वेगळी, कडक नोंदणी लागते, म्हणून बाजारातल्या आखूड रायफली १६ इंचांच्या खाली जात नाहीत.

अडचण आली तर काय तपासावे

३५७ च्या रायफलीत ३८ स्पेशल चालते, पण ते काडतूस आखूड असल्यामुळे काही रायफलींत उचलणीवर (काडतूस चेंबरकडे वर उचलणाऱ्या भागावर) नीट बसत नाही आणि पुढचे काडतूस मध्येच डोकावून अडकते. अशा वेळी लिव्हरवर जोर लावू नये. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून काडतुसे काढावीत आणि त्या रायफलीला तिच्याच लांबीचे काडतूस द्यावे. चांगली काडतुसेही अडकत असतील, तर बहुधा लिव्हर अर्धीच ओढली जात असते. ती एकाच चालीत पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे न्यावी लागते.

काडतूस चेंबरमध्ये चिकटत असेल, तर आपल्याकडे पहिला संशय चामड्याच्या पट्ट्यावर घ्यावा. खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात चामड्यातील रसायनांमुळे पितळी पुंगळीवर हिरवा कळंक चढतो, तो चेंबरमध्ये खरवडला जातो आणि रिकामी पुंगळी निघेनाशी होते. काडतुसे पट्ट्यात न ठेवता कोरड्या डब्यात ठेवावीत आणि कळंक चढलेली वापरू नयेत. पुंगळीच्या बुडाजवळ चकचकीत वर्तुळ किंवा बारीक चीर दिसली, अथवा टोपी बाहेर सरकलेली आढळली, तर त्या रायफलीतून पुढचा बार काढू नये. ती कारागिराने तपासलीच पाहिजे.

तो कारागीर कोल्हापुरात असेल, तर परवान्याची हद्द पाहावी. फक्त कर्नाटकापुरता असलेला परवाना निपाणीपुढची राज्यसीमा ओलांडताच निरुपयोगी ठरतो, आणि रायफल दुरुस्तीला नेत होतो हे सांगून सुटका होत नाही. हद्द वाढवून घ्यावी किंवा जिल्ह्यातल्याच परवानाधारक दुकानातून तपासणी करून घ्यावी, आणि निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा असेल तर ती पावती परवान्यासोबत ठेवावी.