जीआरईचे शब्द लक्षात ठेवायला मला काय कामी आलं (माझा अनुभव)

जीआरई म्हणजे परदेशात मास्टर्सला जायला देतात ती परीक्षा. वर्डलिस्ट पाठ होती तरी तिच्यातल्या वर्बलचा (इंग्रजीच्या भागाचा) स्कोअर हलत नव्हता, तर ज्याने फरक पडला ते लिहितोय, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. 2011 पासून जीआरईत अँटोनिम (विरुद्धार्थी शब्द) आणि अ‍ॅनॉलॉजीचे (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखा) प्रश्न बंद झालेत, आता शब्द वाक्यातच विचारतात. सेंटेन्स इक्विव्हॅलन्सला गाळलेल्या जागेसाठी वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे सहातले दोन पर्याय निवडायचे, एकच बरोबर आला तर मार्क शून्य, त्यामुळे नुसत्या अर्थावर भागत नाही.

मी अँकीत (फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप) सुटा शब्द न टाकता अख्खं वाक्य टाकायला लागलो, शब्दाच्या जागी गाळलेली जागा. म्हणजे 'मामा इतके ...... आहेत की फोनवर हो, नाही, ठेवतो, संपलं', उत्तर लॅकोनिक (मोजकंच बोलणारा). घरातल्या माणसांवरचं वाक्य असलं की जाम लक्षात राहतं. मग एका मुळाचे शब्द एकत्र केले, लॅटिन लोक्वी म्हणजे बोलणं, त्यावरून लोक्वेशस, इलोक्वंट, ग्रँडिलोक्वंट (सगळ्या शब्दांना हे चालत नाही हां).

रिव्हिजन ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये. ठाण्याहून गाडी सुटते म्हणून बसायला मिळतं, घणसोली येईपर्यंत त्या दिवसाची कार्डं उरकायची, नवीन शब्द मात्र रात्री घरीच, गर्दीत नवीन काही डोक्यात शिरत नाही. आपल्याला उत्तर आलं की अँकी ते कार्ड लांबच्या तारखेला ढकलतं आणि चुकलेलं लगेच परत आणतं, म्हणून खाडा करू नका, कार्डं साठली की कंटाळा येतो आणि सगळंच सुटतं. आणि रेडिमेड डेकपेक्षा (कार्डांच्या संचापेक्षा) स्वतःचा बनवा, वेळ जातो पण बनवतानाच अर्धं पाठ होतं.