पिल्लाचा पार्वो : ‘उद्या बघू’ आणि इतर चुका

“पण अजून रक्त कुठे पडलंय?” पार्वोची शंका बोलून दाखवली की दहातले निम्मे मालक हेच विचारतात. पार्वो म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा विषाणूचा आजार, आणि संडासातलं रक्त हे त्याचं पहिलं लक्षण नाही. दीड ते सहा महिन्यांच्या पिल्लात बहुतेक वेळा आधी मरगळ येते, मग खाणं सुटतं, मग उलट्या लागतात: सुरुवातीला न पचलेलं अन्न, नंतर नुसता पांढरा-पिवळा फेस. जुलाब त्यानंतर, कधी काही तासांनी तर कधी दीड-दोन दिवसांनी. रक्त आणि तो सडका वास त्याच्याही मागून येतो, आणि काही पिल्लांत शेवटपर्यंत येतच नाही. रक्ताची वाट बघणं म्हणजे उपचाराचे सगळ्यात कामाचे तास घालवणं.

आपल्याकडे याला सरसकट ‘गॅस्ट्रो’ म्हणतात, आणि त्यामुळे तो पोट बिघडण्याचाच एक प्रकार वाटतो. तसा तो नाही. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नव्यानं तयार होत असतं. हा विषाणू ते नवं अस्तर बनवणाऱ्या पेशीच मारतो. अस्तर सोलून निघतं, शरीरातलं पाणी आतड्यात झिरपतं आणि आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात. त्याच वेळी विषाणू अस्थिमज्जेवरही चाल करतो, त्यामुळे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नेमक्या त्या दिवसांत कमी पडतात. पिल्लू जातं ते पाणी आटल्यानं आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यानं. घरच्या उपायांचा या दोन्हींवर काडीचा उपयोग नाही.

“जंत असतील”

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. घर बदलतं, पिल्लाची जात बदलते, पण गोष्ट तीच घडते.

शनिवार सकाळ. ४५ दिवसांचं, दोन किलोचं लॅब्रेडॉर, घरी येऊन पाच दिवस झालेले. नाश्ता करत नाही. ‘दात येत असतील.’ दुपारी उलटी होते आणि उलटीत शेवयांसारखे दोन जंत दिसतात. आता तर निदान पक्कंच! जंताचं औषध पाजलं जातं, अर्ध्या तासात तेही बाहेर. संध्याकाळी ‘ताकद राहावी’ म्हणून ताक-भात बोटानं तोंडात कोंबतात, तो पुन्हा उलटतो. रात्री जुलाब सुरू होतात, आणि मेडिकलमधून आणलेली माणसांची जुलाब थांबवायची गोळी अर्धी करून दिली जाते. रविवारी दवाखाना बंद. ग्रुपवर संडासाचा फोटो पडतो आणि डाळिंबाच्या सालीपासून जायफळापर्यंत सगळं सुचवलं जातं. सोमवारी सकाळी पिल्लू टेबलावर येतं तेव्हा ताप तर नाहीच, उलट तापमान ९७ फॅरनहाइट. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, पाय गार. शिर सापडत नाही, म्हणून हाडात सुई घालून सलाइन द्यायची वेळ येते.

यातली प्रत्येक पायरी करणाऱ्याला शहाणपणाची वाटली होती. पण आपल्याकडच्या बहुतेक पिल्लांना जंत असतातच. जंत दिसले म्हणून पार्वो नाही असं ठरत नाही, दोन्ही एकत्र असणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. उलट्या चालू असताना जंताचं औषध पोटात टिकत नाही आणि सुजलेल्या आतड्याला आणखी त्रास देतं. ते उलट्या थांबल्यावर. जुलाब थांबवणाऱ्या गोळीनं आतड्याची हालचाल मंदावते आणि जी घाण बाहेर पडायला हवी ती आतच कोंडते. आणि उलट्या होत असताना तोंडात कोंबलेलं अन्न श्वासनलिकेत गेलं की वर न्यूमोनिया.

ओआरएस चमच्यानं पाजून भागेल असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा हिशोब करावा. दोन किलोच्या पिल्लाचं वजनाच्या ८ टक्के पाणी कमी झालं, तर तूट १६० मिली. रोजची गरज किमान २०० मिलीच्या आसपास. म्हणजे पहिल्या दिवशीच ३६० मिली, शिवाय उलटी-जुलाबातून जाईल ते वेगळं. जे पिल्लू दोन चमचे पाणी पोटात ठेवू शकत नाही, त्याला हे तोंडावाटे कसं देणार? ते शिरेतूनच जायला हवं: रिंगर लॅक्टेट, म्हणजे क्षारांचं सलाइन, आणि गरजेप्रमाणे त्यात पोटॅशियम आणि डेक्स्ट्रोज, म्हणजे साखर.

म्हणून नियम सोपा ठेवा. सहा महिन्यांखालचं पिल्लू एक जेवण सोडतं, मलूल आहे आणि दोनदा उलटी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. रविवार असला तरी. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत रुग्णालयं आहेत. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री आपल्या भागात कोण उघडं असतं, त्याचा नंबर पिल्लू आणायच्या आधीच फोनमध्ये हवा. निघताना फोन करून ‘पार्वोची शंका आहे’ असं सांगा. पिल्लू खोक्यात न्या आणि दवाखान्याच्या फरशीवर सोडू नका, तिथे लसीसाठी आलेली पिल्लं असतात. संडासाचा नमुना स्वच्छ डबीत घ्या. पिल्लू लटपटत असेल तर निघण्याआधी मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटानं हिरड्यांना चोळा. रक्तातली साखर या वयात झपाट्यानं उतरते.

घरी एक साधा डिजिटल थर्मामीटर वेगळा ठेवा. तापमान गुदद्वारातून घ्यायचं, १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. ९९ च्या खाली गेलं तर ते तापापेक्षाही वाईट लक्षण. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, आणि गार पडलेल्या पिल्लाला खायला घालू नका, त्याचं पोट त्या वेळी चालतच नाही.

दवाखान्यातली किट दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देते. पण अगदी सुरुवातीला किंवा आजार बराच पुढे गेल्यावर ती खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. लक्षणं जुळत असतील तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून घ्या आणि दुसऱ्या दिवशी किट पुन्हा करा. ‘निगेटिव्ह आली, चला घरी’ ही घाई नको.

दोन सलाइन झाल्या, पिल्लू उठून बसलं, उपचार बंद

शरीरात पाणी गेलं की पिल्लू तरतरीत दिसतं. आतडं तोवर भरून आलेलं नसतं. साधारण चार ते सात दिवस धरून चाला. उलटी न होता पिल्लू चोवीस तास आपणहून खातंय, हे बघूनच सलाइन काढावी. ‘एक स्ट्राँग इंजेक्शन द्या आणि मोकळं करा’ म्हणणाऱ्यांनी समजून घ्यावं की या विषाणूला मारणारं अँटिबायोटिक नाही. अँटिबायोटिक देतात ते आतड्यातून रक्तात शिरलेल्या जिवाणूंसाठी, आणि उलटी थांबवणारं इंजेक्शन देतात ते पिल्लाला लवकर खाता यावं म्हणून. दवाखान्यात नीट उपचार मिळाले तर बहुतांश पिल्लं वाचतात. काहीच केलं नाही तर फार थोडी.

पैशांची अडचण असेल तर ती डॉक्टरांना सरळ सांगा. रोज नेऊन कातडीखाली सलाइन आणि इंजेक्शनं घेण्याची पद्धत आहे, आणि ती काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरी. पण शॉकमध्ये गेलेल्या, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेल्या पिल्लात कातडीखालचं पाणी शोषलंच जात नाही. आणि डेक्स्ट्रोजची बाटली घरी कातडीखाली देण्याचा उद्योग करू नका. तिथे पाणी उलट ओढलं जातं आणि गळू होतं.

उलट्या पुन्हा सुरू झाल्या आणि पोटात बोटाएवढी जाड, लांबट गाठ लागली, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. लगेच सोनोग्राफी.

“फिनाइलनं तीनदा पुसलंय”

पुसलं असेल, वासही छान येत असेल. विषाणूला काही झालेलं नाही. पार्वोला बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे फिनाइल, सॅनिटायझर, अँटिसेप्टिक लिक्विड हे सगळं तो पचवतो. सावलीतल्या, ओलसर जागी महिनोन् महिने टिकतो, कधी वर्षभरही.

चालतं ते ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. आधी साबणाच्या पाण्यानं घाण पूर्ण काढा, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच संपतं. मग ५-६ टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस, म्हणजे लिटरला साधारण ३५ मिली. बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर ५० मिली घ्या. फरशी दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे, मग धुवा. द्रावण रोज ताजं करा. खिडक्या उघड्या ठेवा, आणि टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही ॲसिड त्यात मिसळू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू माणसालाही आडवा करतो. भांडी, पट्टा, पिंजरा यांनाही हेच. गादी, कापडी खेळणी, घोंगडी टाकून द्या. माती आणि हिरवळीवर ब्लीचचा उपयोग नाही, तिथे फक्त ऊन आणि काळ.

एवढं करूनही लोक पंधरा दिवसांत नवं पिल्लू आणतात. घर सुनं वाटतं, मुलं रडतात, हे कळतं. पण दीड महिन्याचं, एक लस झालेलं पिल्लू त्याच घरात आणणं हा निव्वळ आततायीपणा आहे. सहा महिने थांबा, वर्षभर थांबलात तर उत्तम. थांबवतच नसेल तर लसीचा पूर्ण कोर्स झालेला मोठा कुत्रा आणा.

“एक लस झालीय की!”

आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाला सुरुवातीचे आठवडे सांभाळते, आणि तीच लसीलाही निष्प्रभ करते. ती ओसरत जाते तेव्हा मध्ये असा काळ येतो की लस लागू होण्याइतकी ती कमी झालेली नसते आणि खऱ्या विषाणूला रोखण्याइतकी उरलेलीही नसते. हा काळ प्रत्येक पिल्लाचा वेगळा, म्हणून लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते: सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. बाराव्या आठवड्यात ‘कोर्स संपला’ म्हणून थांबणं ही सर्रास चूक. डब्ल्यूएसएव्हीए ही पशुवैद्यकांची जागतिक संघटना वर्षभरानंतरच्या बूस्टरची वाट न बघता २६ आठवड्यांच्या सुमारास आणखी एक डोस द्यायला सांगते.

कार्डावर नुसती तारीख आणि सही असेल तर ती लस झालीच नाही असं समजा. बाटलीवरचं, बॅच नंबर असलेलं स्टिकर चिकटवलेलं हवं. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. ब्रीडरनं खिशातून काढून टोचलेल्या लसीवर भिस्त ठेवू नका. आणि ३०-३५ दिवसांचं पिल्लू ‘लवकर लळा लागतो’ म्हणून गळ्यात मारणाऱ्याकडून काही घेऊच नका. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही.

उरलेल्या, थोडक्यात

आजारी पिल्लाला घाईनं लस टोचून घेणं : उपयोग शून्य.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन : हात लावू नका, दुसरं तर जीवघेणंच.

दूध : नाही. उलट्या आटोक्यात आल्या की उकडलेलं चिकन आणि भात बारीक वाटून, सुरुवातीला ५-१० मिली, दर दोन-तीन तासांनी. दोन-दोन दिवस उपाशी ठेवण्याचा सल्ला आता जुना झाला.

जंताचं औषध फक्त पोट फुगल्यावर देणं : निरोगी पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा. वजन करून, अंदाजानं नव्हे.

कोर्स पूर्ण व्हायच्या आधी सोसायटीच्या बागेत सोडणं : फिरवा, पण उचलून. शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांनी खाली ठेवा.

बरं झालेलं पिल्लू लगेच इतरांत मिसळणं : विष्ठेतून विषाणू दोन आठवडे तरी पडत राहतो, कधी जास्तही. महिनाभर वेगळं ठेवा आणि सोडण्याआधी आंघोळ घाला, केसांतही तो असतो.

मांजरांना विसरणं : पार्वोचे आताचे प्रकार मांजरालाही होऊ शकतात. घरात मांजर असेल तर तिचीही लस तपासा.