दुकानातल्या मदतीला कौतुकाची पावती अशी द्या
मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव तिथेच वाचून घ्या आणि बिल जपून ठेवा. त्यावर बहुधा तारीख, वेळ, काउंटर क्रमांक असतो, त्यामुळे माणूस शोधणं सोपं जातं. आभार तोंडावर मानाच, पण मागे रांग असेल तर एका वाक्यात. खरा उपयोग व्यवस्थापकाला लिहिलेल्या 3-4 ओळींचा, शक्यतो 2 दिवसांत. ‘सेवा छान’ एवढंच लिहिलं तर ते कुणाच्याच खात्यात जमा होत नाही; कर्मचाऱ्याने नेमकं काय केलं ते लिहा. मात्र तुमच्यासाठी नियम वाकवला असेल, मुदत उलटूनही वस्तू बदलून दिली असेल, तर तो तपशील गाळा. नाहीतर कौतुकाऐवजी बिचाऱ्याला जाब द्यावा लागेल. रोख बक्षीस अनेक दुकानांत चालत नाही, आधी विचारा.