थायरॉईडची रक्ततपासणी: डॉक्टरांकडे जाताना या चुका टाळा

"डॉक्टर, माझा थायरॉईड वाढलाय." दवाखान्यात बसलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. बहुतेक वेळा वाढलेला असतो तो टीएसएच, आणि त्याचा अर्थ नेमका उलट असतो. थायरॉईड ग्रंथी कामात कमी पडू लागली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तिला जोरजोरात हाका मारते. टीएसएच हे पिट्युटरीचं हार्मोन म्हणजे ती हाक. त्यामुळे नव्या डॉक्टरांकडे जाताना "वाढलाय", "कमी झालाय" असं सांगू नका. रिपोर्टच पुढे ठेवा, जुने असतील तेही ठेवा.

मी चौदा वर्षं हायपोथायरॉईडची, म्हणजे थायरॉईड कामात कमी पडतो त्यासाठीची, गोळी घेते आहे. पुढच्या चुकांपैकी बऱ्याच मी स्वतः केल्यात, आणि एक चूक घरात अगदी जवळून पाहिली आहे.

केसांच्या गोळ्या चालू ठेवून रक्त देणं

माझ्या धाकट्या जावेला डेंग्यू झाला आणि दोन-तीन महिन्यांनी तिचे केस मुठीने गळायला लागले. कुणीतरी सुचवलेल्या गोळ्या तिने सुरू केल्या. रोज १० मिलिग्रॅम बायोटिन, म्हणजे ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार. पुढच्या तपासणीत टीएसएच जवळजवळ शून्य आणि फ्री टी-फोर (थायरॉईडचं रक्तात मोकळं फिरणारं हार्मोन) चांगलाच वाढलेला आला. कागदावर सरळसरळ हायपरथायरॉईड, म्हणजे थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करतोय. औषध सुरू करायची बोलणी झाली. पण तिच्या छातीत धडधड नव्हती, हात थरथरत नव्हते, वजनही उतरलं नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "आणखी काय काय घेता?" गोळ्या थांबवून आठवड्याने पुन्हा रक्त दिलं, तर सगळं नॉर्मल.

अनेक लॅबमधल्या थायरॉईड चाचण्यांच्या किटमध्येच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते भरपूर असलं की यंत्राची गफलत होते: टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-फोर खोटा जास्त दिसू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर सावध केलं होतं. तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. केस, नखं, त्वचा यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आपण औषधात धरत नाही आणि म्हणून सांगत नाही. त्याची बाटलीच पर्समध्ये टाकून न्या.

तपासणीच्या तोंडावर शिस्त

दोन महिने गोळी अधूनमधून चुकवायची आणि रक्त द्यायच्या आधीचा आठवडा मात्र नेमाने घ्यायची. मी हे केलंय. फ्री टी-फोर लवकर वर येतो, टीएसएच खाली यायला सहा आठवडे लागतात. मग रिपोर्टमध्ये दोन्ही वाढलेले दिसतात आणि डॉक्टर विनाकारण भलत्याच आजाराच्या शोधाला लागतात. गोळ्या चुकल्या असतील तर तसं स्पष्ट सांगा. ओरडा बसेल फार तर, पण डोस चुकीचा वाढणार नाही. डोस बदलल्यावरही सहा ते आठ आठवडे थांबूनच रक्त द्यायचं.

टीएसएच दिवसभर सारखा राहत नाही. रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी आणि जेवणानंतर कमी. एकदा सकाळी आठला उपाशीपोटी आणि पुढच्या वेळी दुपारी चारला, अशा दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. वेळ तीच ठेवा, जमलं तर लॅबही तीच. त्या दिवशीची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या. ताप, न्यूमोनिया, हॉस्पिटलमधला मुक्काम अशा दिवसांतले आकडेही फसवे असतात. तातडीचं कारण नसेल तर बरं होऊन काही आठवडे जाऊ द्या.

"सगळ्या टेस्ट लिहून द्या"

अशी मागणी केली की डॉक्टर वैतागतात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नाही. पहिल्या चाळणीला टीएसएच पुरतो. तो बिघडलेला असेल तर फ्री टी-फोर हवा. किंचितच वाढलेला असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावा. पुष्कळदा तो आपोआप खाली येतो. अँटी-टीपीओ ही अँटीबॉडीची चाचणी हाशिमोटोचा (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटते तो आजार) अंदाज देते, पण एकदा पॉझिटिव्ह आली की दर वर्षी करण्यात पैसे घालवू नका. लॅबच्या पॅकेजमध्ये बहुधा टोटल टी-थ्री (थायरॉईडचं दुसरं हार्मोन), टी-फोर असतात, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं आणि मोकळं असं सगळं मिळून. गर्भनिरोधक गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर हे टोटलचे आकडे वाढलेले दिसतात, म्हणून 'फ्री' लिहून मागा.

पण टीएसएच एकटा पुरत नाही अशाही जागा आहेत, आणि तिथे आपण गप्प बसायचं नाही. हायपरथायरॉईडचा उपचार सुरू झाल्यावर टीएसएच कित्येक महिने दबलेला राहू शकतो. तिथे फ्री टी-फोर आणि टी-थ्री बघावेच लागतात. दुसरी जागा पिट्युटरीच्या बिघाडाची. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला, नंतर दूध आलं नाही, पाळी परतली नाही, थकवा मात्र कायमचा राहिला, अशा बाईचा टीएसएच नॉर्मल दिसू शकतो, कारण हाक मारणारी ग्रंथीच दुखावलेली असते. अशांना "रिपोर्ट चांगला आहे" म्हणून परत पाठवलं जातं याचं मला फार वाईट वाटतं. तिथे बाळंतपणाची हकीकत आपणहून सांगा आणि विचारा, "डॉक्टर, पिट्युटरीचा प्रश्न असेल का? फ्री टी-फोर आणि कॉर्टिसॉल करू या का?" कॉर्टिसॉल, म्हणजे मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं हार्मोन, आधी पाहणं महत्त्वाचं. ते कमी असताना नुसती थायरॉईडची गोळी सुरू करणं धोक्याचं ठरू शकतं.

आणि सगळं खरोखरच नॉर्मल आलं तर थायरॉईडवर अडून बसू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-ट्वेल्व्ह यांची विचारणा करा.

दिवस राहिल्यावर वाट बघणं

गोळी चालू असताना पाळी चुकली आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पहिले तीन महिने बाळ आईच्या हार्मोनवर अवलंबून असतं आणि बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. गरोदरपणाच्या मध्यापर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच बघतात. लॅबला गरोदर असल्याचं सांगा आणि छापील नॉर्मल रेंजवर विसंबू नका, कारण या काळातल्या मर्यादा वेगळ्या असतात. बाळंतपणानंतर डोस बहुधा पूर्वीवर येतो आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी लागते. घाईगर्दीत ती नेमकी राहून जाते. बाळाची दीड महिन्याची लस असते ना, त्याच दिवशी आईनेही रक्त देऊन यायचं.