जुनी स्टॉक कार घेऊन नव्या, वेगवान गाड्यांमधे रेस कशी करायची

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींपैकी कोणी ट्रॅक डे (आपली गाडी रेस ट्रॅकवर नुसती चालवून बघायचे दिवस) करत करत व्हिंटेज रेसिंगकडे, म्हणजे जुन्या रेस गाड्यांच्या शर्यतींकडे वळत असेल आणि मनात जुनी नॅसकार (अमेरिकेतली स्टॉक कार, म्हणजे बाहेरून साध्या गाडीसारख्या दिसणाऱ्या रेस गाड्यांच्या शर्यती भरवणारी संस्था) गाडी भरली असेल तर हे तुमच्यासाठी. एसव्हीआरए किंवा एचएसआरसारख्या व्हिंटेज रेस भरवणाऱ्या संस्थांच्या वीकेंडला स्टॉक कार्स कमी आल्या की त्यांना दुसऱ्या ग्रुपबरोबर सोडतात, आणि मग तुमच्या १९९० च्या दशकातल्या विन्स्टन कप (नॅसकारची तेव्हाची सगळ्यात वरची मालिका) गाडीच्या आरशात एखादी ट्रान्स-अ‍ॅम (ही दुसरी अमेरिकन रेस मालिका) गाडी किंवा बरीच नवी कप गाडी दिसायला लागते, जी लॅपला तुमच्यापेक्षा कितीतरी सेकंद फास्ट असते. अशा वेळी सगळे विचारतात की हिला मागे कसं ठेवायचं. माझं मत विचाराल तर हा प्रश्नच चुकीचा आहे. आपण कुठे पास करायचं हे ठरवण्याआधी आपल्याला कुठे पास होऊ द्यायचं ते ठरवा, बाकी सगळं त्यावरून ठरतं.

आधी आपली गाडी काय आहे ते डोक्यात पक्कं बसवा. त्या काळातली कप गाडी म्हणजे स्टीलच्या पाइपांची चासी, ३५८ क्युबिक इंचाचं (साधारण ५.९ लिटर) पुशरॉड व्ही-८, वर चार बॅरलचा हॉली कार्बोरेटर, चार गिअर, मागे अखंड एक्सल, १५ इंची चाकं आणि किमान वजन साधारण ३४०० पौंड, म्हणजे दीड टनाच्या वरच. ताकद मात्र भरपूर, चांगलं इंजिन आरामात ७०० हॉर्सपॉवर देतं. आता २०२२ पासूनची नेक्स्ट जेन, म्हणजे नव्या पिढीची कप गाडी बघा, १८ इंची चाकं, त्यामुळे मोठे ब्रेक, मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन, पाच गिअरचा सीक्वेन्शियल बॉक्स, आणि ट्रान्स-अ‍ॅमच्या टीए क्लासची गाडी तर तुमच्यापेक्षा कितीतरी हलकी. म्हणजे सरळ पट्ट्यावर तुम्ही फारसे कोणाला हार जात नाही, मार खाता तो ब्रेकिंगला आणि वळणाच्या मधे. खरी गोची इथेच होते, मागचा वळणात येऊन बंपरला चिकटतो, पट्टा लागला की तुम्ही परत सुटता, त्याला पास करता येत नाही आणि तुम्हाला पिच्छा सोडवता येत नाही, दोघंही चिडतात आणि मग कोणीतरी भलत्याच जागी नाक घुसवतं.

गाडी घेतानाच रोड कोर्सची (डावी-उजवी दोन्ही वळणं असलेल्या ट्रॅकची) हिस्टरी असलेली बघा. नॅसकारच्या कप गाड्या रिव्हरसाइडला १९८८ पर्यंत धावल्या, वॉटकिन्स ग्लेनला १९८६ पासून परत आल्या, सिअर्स पॉइंटला १९८९ पासून, आणि टीम्स त्यासाठी वेगळ्या गाड्या बांधायच्या. ओव्हलवाली (अंडाकृती ट्रॅकवरची) गाडी स्वस्तात मिळेल पण ती डावीकडे वळायलाच बनवलेली असते, वजन डाव्या बाजूला ढकललेलं, उजवा मागचा टायर घेराने मोठा, दोन्ही बाजूंचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) वेगळा, स्प्रिंगा वेगळ्या. ते सगळं काढून सिमेट्रिकल करावं लागतं, चारी कोपरे वजनकाट्यावर घेऊन क्रॉस वेट (पुढचं एक आणि तिरक्या कोपऱ्यातलं मागचं एक अशा दोन चाकांवरचं मिळून वजन) ५० टक्क्यांच्या आसपास आणावं लागतं, आणि बॉडीच वाकडी बनवलेली असेल (२००० नंतरच्या काही गाड्या अशा होत्या) तर तो खर्च करूच नका. कागदपत्रं, जुने फोटो, चासी नंबर, सगळं बघून घ्या, कारण इन्स्पेक्शनला तेच विचारतात.

ब्रेकवर पैसे घाला, इंजिनवर नंतर. दीड टनाची गाडी ताशी अडीचशे किलोमीटरवरून खाली आणायची तर डिस्क लालभडक होते आणि नवा माणूस मागच्या फास्ट गाडीचा ब्रेकिंग पॉइंट पकडायला जातो, दोन-तीन लॅप जमतं सुद्धा, मग पेडल लांब जायला लागतं कारण फ्लुइड उकळलेलं असतं. तुमचा ब्रेकिंग पॉइंट तुमचा, शेजारच्याचा बघायचा नाही. पुढच्या बंपरमधून डिस्कपर्यंत जाणारे हवेचे पाइप फाटले नाहीत ना ते रोज बघा, उच्च बॉइलिंग पॉइंटचं रेसिंग फ्लुइड वापरा आणि प्रत्येक सेशननंतर ब्लीड करा (नळ्यांतली हवा आणि उकळलेलं फ्लुइड काढून टाका), कंटाळा आला तरी करा.

अजून एक, खंडाळ्याच्या घाटात ट्रकवाला जसा खालच्या गिअरवर गाडी रोखतो तशी सवय असेल तर ती इथे घरी ठेवून या. मागे लॉकर डिफरन्शियल (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारं) आणि जड अखंड एक्सल आहे, रेव्ह (इंजिनाचे फेरे) न जुळवता तिसरा किंवा दुसरा मारला की मागची चाकं रस्त्यावर उड्या मारायला लागतात. धडधड धडधड अशी थेट पाठीत जाणवते आणि शेपूट कुठे जाईल सांगता येत नाही. असं झालं की लगेच क्लच दाबा, ब्रेकवरचा पाय किंचित हलका करा, चाकं परत बसतात. वारंवार होत असेल तर ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) थोडा पुढे घ्या. डाऊनशिफ्ट ब्रेकिंगच्या शेवटी करा, गाडी हळू झाल्यावर, थ्रॉटलची टिचकी देऊन.

आता मुख्य मुद्दा, कुठे पास होऊ द्यायचं, आणि तो वॉटकिन्स ग्लेनवरच समजावतो कारण तिथे सगळे प्रकार एका लॅपमधे येतात. पहिलं वळण उजवीकडे, काटकोनी, ब्रेकिंग उतारावर. मग चढावरचे एसेस (लागोपाठची डावी-उजवी वळणं), दोन्ही बाजूंना निळं गार्डरेल अगदी अंगावर. मग लांब बॅक स्ट्रेट, त्याच्या शेवटी इनर लूपची शिकेन (वेग कमी करायला मुद्दाम टाकलेली उलटसुलट वळणं), जिला सगळे बस स्टॉप म्हणतात आणि जी १९९२ मधे बांधली, कारण आदल्या वर्षी तिथेच पुढच्या वळणावर जे. डी. मॅकडफी अपघातात गेले. त्यानंतर लांबलचक उजवं आउटर लूप.

फास्ट गाडी मेन स्ट्रेटवर मागे आली तर आपली लाइन (वळणातून जायचा नेहमीचा मार्ग) सोडू नका, पहिल्या वळणाच्या ब्रेकिंगला नेहमीपेक्षा जरा आधी पाय उचला आणि त्याला आतून जाऊ द्या. तो आत जाऊन वळण घट्ट घेतो, तुम्ही रुंद लाइन घेऊन लवकर थ्रॉटलवर येता, तुमचं नुकसान फार तर एक-दोन गाड्यांच्या लांबीचं. पण तोच जर एसेसच्या तोंडाशी आला तर तिथे काहीही देऊ नका, हाताची खूण नाही, जागा नाही, फक्त तुमची नेहमीची लाइन, कारण तिथे दोन गाड्या शेजारी शेजारी गेल्या तर एक रेलमधे जाणार. वर चढून बॅक स्ट्रेट लागली की मग पुढे जा असा हात करा आणि हात केल्यावर पाय उचला. हे फार महत्त्वाचं आहे, नवे लोक हात करतात आणि पाय मात्र फुल थ्रॉटलवरच, मग मागचा बिचारा तुमच्या सातशे हॉर्सपॉवरशी शर्यत लावत बस स्टॉपपर्यंत बाजूला लटकत राहतो आणि दोघांचं ब्रेकिंग बिघडतं. अर्धा सेकंद पाय उचला, तो गेला, विषय संपला. आउटर लूपच्या मधे मात्र कधीच बाजू देऊ नका, लाइनच्या बाहेर रबराचा चुरा पडलेला असतो, त्यावर गेलात की जुनी गाडी सरकत जाते आणि परत येत नाही.

हात करायचा म्हणजे कसा ते आधी ठरवा, कारण खिडकीला जाळी असते आणि सीटच्या मोठ्या हेडरेस्टमुळे मागच्याला आतलं फार दिसत नाही. हात विंडशील्डजवळ उंच धरून ज्या बाजूने जायचं ती बाजू स्पष्ट दाखवा आणि ड्रायव्हर्स मीटिंगला फास्ट गाडीवाल्यांना जाऊन भेटा, मी अमुक ठिकाणी बाजू देईन असं तोंडाने सांगा. पाच मिनिटांचं काम आहे पण अर्धे अपघात तिथेच टळतात असं माझं ठाम मत आहे. उजवीकडे बहिर्गोल आरसा लावा, जमलं तर रेडिओवर एक माणूस ठेवा. निळा झेंडा, त्यावर तिरपा पिवळा पट्टा, म्हणजे मागून फास्ट गाडी येतेय एवढंच, घाबरून लाइन बदलायची नाही. बऱ्याच व्हिंटेज संस्थांमधे १३/१३ चा नियम असतो, तुमच्या चुकीने गाडीला गाडी लागली तर १३ महिन्यांची बंदी किंवा प्रोबेशन (नजरेखाली राहणं) अशी शिक्षा होऊ शकते, नेमकं कसं ते संस्थेप्रमाणे बदलतं. म्हणजे इथे बंपर घासून रेस जिंकण्याचा प्रश्नच नाही.

मग तुमची रेस कोणाशी? तुमच्याच काळातल्या, तुमच्याच क्लासच्या गाडीशी, आणि तिथे ही फास्ट गाडी तुमच्या कामाला येते. समजा पुढचा प्रतिस्पर्धी तीन सेकंदांवर आहे आणि मागून नवी कप गाडी आली. तुम्ही तिला बॅक स्ट्रेटवर सोडली, लगेच तिच्या मागे हवेच्या झोतात (जिथे हवेचा अडथळा कमी असतो) घुसलात आणि पट्टाभर ओढले गेलात. तीच गाडी पुढच्याला गाठेल ती कदाचित आउटर लूपमधे, तो गोंधळला, लाइन सोडली, एक्झिट खराब झाली, की पुढच्या पट्ट्यावर तुम्ही त्याच्या शेजारी. यासाठी तुमची स्वतःची एक्झिट स्वच्छ पाहिजे, वळणात हळू गेलात तरी चालेल पण स्टिअरिंग सरळ करून आधी थ्रॉटलवर यायचं. सुरुवातीच्या दोन लॅप घाई नको, जुन्या टायरची पकड तापल्याशिवाय येत नाही.

इंजिनच्या बाबतीत थोडक्यात. त्या काळात ही इंजिनं ९००० आरपीएमला फिरायची पण ती दर रेसनंतर उघडली जायची, तुमचं तसं नाही, ७५०० च्या आसपास शिफ्ट करा, लॅपला थोडं जाईल पण व्हॉल्व्ह स्प्रिंगा टिकतील. फ्लॅट टॅपेट कॅम असतो, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे सपाट लिफ्टर थेट कॅमवर घासतात (नॅसकारने कपमधे रोलर लिफ्टर २०१५ मधे आणले), म्हणून झिंक जास्त असलेलंच रेसिंग ऑइल घाला, नाहीतर कॅमचे लोब घासले जातात. आणि पेट्रोल. १९७६ ला फ्रान्समधल्या ल मानच्या २४ तासांच्या रेसमधे दोन नॅसकार गाड्या बोलावल्या होत्या, हर्शेल मॅकग्रिफची डॉज चार्जर आणि एक फोर्ड टोरिनो, प्रोटोटाइप (खास रेससाठीच बांधलेल्या) गाड्यांच्या मधे, लोकांना प्रचंड आवडल्या, पण तिथल्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलमुळे चार्जरचं इंजिन सुरुवातीलाच गेलं आणि टोरिनो रात्री गिअरबॉक्सने बसवली. तुमचं कॉम्प्रेशन किती आणि ट्रॅकवर कुठलं फ्युएल मिळतं हे निघायच्या आधी फोन करून विचारा.

सेफ्टीचे कागद बघा, एसएफआयचे बेल्ट साधारण दोन वर्षंच चालतात, एफआयएचे पाच (दोन्ही सेफ्टीचे मानक ठरवणाऱ्या संस्था), फ्युएल सेलच्या (रेस गाडीच्या पेट्रोल टाकीच्या) आतल्या पिशवीलाही तारीख असते. हॅन्स (अपघातात मान झटक्यापासून वाचवणारं साधन) घाला. टाचेखाली हीट शील्ड लावा, फ्लोअरबोर्ड भयंकर तापतो आणि पाय भाजायला लागला की ब्रेकिंगवरचं लक्ष उडतं.

सेशन संपून पिटमधे आलात की हेल्मेट काढायच्या आधी कोणाला तरी टायरचं तापमान घ्यायला सांगा, आत, मधे, बाहेर अशा तीन जागी सुई खुपसून, आणि प्रेशरही लगेच, गाडी पाच मिनिटं उभी राहिली तर आकडे उपयोगाचे नाहीत. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा बराच गरम असेल तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा गरम तर कमी. फक्त बाहेरची कड गरम येत असेल तर कॅम्बर कमी पडतोय, आणि पुढचे दोन्ही टायर मागच्यांपेक्षा खूप तापले असतील तर तुम्ही वळणात उशिरा ब्रेक मारत गाडी ढकलताय, पुढच्या सेशनला ब्रेकिंग पॉइंट दहा-पंधरा मीटर अलीकडे घ्या आणि परत मोजा.