सोलापुरातून सोल, खिसा सांभाळून

माझी पुतणी दक्षिण कोरियात, सोलमध्ये शिकते. "काका, एकदा या की," असं ती दोन वर्षं म्हणत होती आणि मी दोन वर्षं हिशेब करत होतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेबनीस आहे, त्यामुळे ही खोड जायची नाही. शेवटी २०२५च्या ऑक्टोबरअखेरीला गेलो. नऊ दिवस, आठ रात्री. मुंबईहून जाऊन-येऊन विमान ४२ हजार रुपये आणि तिथला राहण्या-खाण्या-फिरण्याचा खर्च ५ लाख १५ हजार वॉन. हा आकडा ऐकून बायकोने आधी पाणी मागितलं. पण तेव्हा रुपयाला सोळा वॉन पडत होते, म्हणजे झाले ३२ हजारांच्या आसपास. दुकानात उभ्या-उभ्या हिशेब करायचा तर शेवटची तीन शून्यं उडवा आणि उरलेल्या आकड्याला साठाने गुणा. ५,००० वॉन म्हणजे तीनशे रुपयांच्या थोडं वर. नऊ दिवस मी याच्यावरच काढले.

आधी कागदपत्रं, कारण इथे पैसे वाचवायला जाऊ नये. आपल्याला कोरियाचा व्हिसा लागतो. 'के-इटीए' नावाची जी ऑनलाइन परवानगी सगळीकडे दिसते ती ज्यांना व्हिसा माफ आहे अशा देशांच्या लोकांसाठी. भारतीय पासपोर्टला तिचा उपयोग नाही, तिच्यापायी कुणाला पैसे देऊ नका. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आयटी रिटर्न, नोकरीचं आणि रजेचं पत्र एवढं नीट लावलं की अर्धं काम झालं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम दोन लाख भरू नका, ते लगेच डोळ्यावर येतं. उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे.

तारखा ठरवताना चुसक आणि सल्लाल हे त्यांचे दोन मोठे सण टाळा. आपल्याकडे दिवाळीत गाड्यांची जी गत होते तीच तिथे. २०२५चा चुसक ६ ऑक्टोबरला होता, म्हणून मी मुद्दाम महिनाअखेर धरली. हवा गार, झाडं लाल-पिवळी. सोलापूरच्या माणसाला मात्र सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतोच. विमान व्हिएतनाममार्गे घेतलं. जाण्याची दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर हवीत. दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण मधे सामान बाहेर काढून पुन्हा द्यायचं म्हटलं की तिथलाही व्हिसा लागू शकतो.

आता सामान. नवी पेठेतून कडक भाकरीची चार पाकिटं आणि पाऊण किलो शेंगाची चटणी घेतली. हसू नका, माझी सगळ्यात मोठी बचत हीच झाली. भाकरी महिनाभर टिकते, चटणीला फ्रीज लागत नाही, आणि सकाळचा नाश्ता व एखादं रात्रीचं जेवण सुटतं. फक्त भाकरी स्टीलच्या डब्यात न्या. मी दोन पाकिटं कपड्यांत खोचली होती, त्यांचा इंचॉनला, म्हणजे सोलच्या विमानतळावर, पोचेपर्यंत भुगा झाला. भुगा दह्यात कालवावा म्हणून दुकानातून दही आणलं तर ते गोड निघालं. गोड दही, ज्वारी आणि शेंगाची चटणी... एकदाच खाल्लं. मांस, ताजी फळं, कच्च्या बिया मात्र नेऊ नका. खाण्याचं काही असेल आणि शंका वाटली तर कस्टमला आपणहून सांगा. चार्जरसाठी वेगळी पिन घ्यायची गरज नाही. आपल्या मोबाइलच्या दोन पिनी तिथल्या प्लगमध्ये बसतात आणि दाबही २२० व्होल्टच आहे.

पैसे न्यायचे ते डॉलरमध्ये. विमानतळावर फक्त पहिल्या दिवसापुरते बदला, बाकीचे सोलमधल्या म्योंगदाँग बाजारातल्या छोट्या काउंटरवर. तिथे भाव बरा मिळतो. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, तरी रोख ठेवाच, कारण टी-मनी कार्डात पैसे भरायला बहुतेक ठिकाणी रोखच लागते.

टी-मनी म्हणजे मेट्रो-बसचं कार्ड. सीयू, जीएस२५, सेव्हन-इलेव्हन अशा कोपऱ्यावरच्या कुठल्याही दुकानात मिळतं. विमानतळावरच घेतलं. विमानतळाची रेल्वे दोन प्रकारची आहे. एक्स्प्रेस थेट सोल स्टेशनला नेते आणि दुपटीहून जास्त पैसे घेते. दुसरी सगळीकडे थांबत जाते, टी-मनीवर चालते, आणि वीसेक मिनिटं जास्त घेते. माझं गेस्टहाउस सोलच्या होंगदे भागात होतं. तिथे एक्स्प्रेस थांबतच नाही! तरी माझ्यादेखत दोन पोरं महागाचं तिकीट काढून सोलला गेली आणि तिथून होंगदेला परत आली असणार.

मेट्रोचं किमान भाडं १,५५० वॉन. बसमधून मेट्रोत किंवा मेट्रोतून बसमध्ये अर्ध्या तासाच्या आत बदललात तर दुसरं मूळ भाडं पुन्हा पडत नाही, अंतराचं काय वाढेल तेवढंच. पण त्यासाठी बसमधून उतरतानाही कार्ड लावावं लागतं. मी सिटी बसचा माणूस, चढताना तिकीट काढलं की आपलं काम झालं. दोन दिवस उतरताना नुसता उडी मारून मोकळा होत होतो. तिसऱ्या दिवशी पुतणीने मशीनवर माझं कार्ड ठेवून शिल्लक बघितली आणि म्हणाली, "काका, तुम्ही हिशेबनीस ना?" त्यानंतर उतरायच्या दोन थांबे आधीच कार्ड हातात.

दिवसाला चार-पाच फेऱ्या होणार असतील तर 'क्लायमेट कार्ड'चा पास बघा. तीन दिवसांचा १०,००० वॉन, सात दिवसांचा २०,०००. मुख्यतः सोलच्या हद्दीतच चालतो, म्हणून राहायची जागा शहरातच असलेली बरी. रस्ता शोधायला गुगल मॅप्स तिथे लंगडा पडतो. मी गेलो तेव्हा तो चालत जायची वाट सांगायला तयार नव्हता. नेव्हर मॅप घ्या, इंग्रजीत चालतो, कुठल्या एक्झिटमधून बाहेर पडायचं तेही सांगतो. सोलच्या मेट्रोत चुकीच्या एक्झिटने वर आलात तर आठ पदरी रस्त्याच्या पलीकडे उभे राहाल.

खाण्याचं. कुठल्याही साध्या खानावळीत पाणी फुकट आणि 'बानचान' म्हणजे बाजूच्या छोट्या वाट्या फुकट. मुळा, मोड आलेलं काहीबाही, किमची म्हणजे त्यांचं कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं. संपलं की पुन्हा मागा, कित्येक ठिकाणी कोपऱ्यातून आपणच घ्यायचं. टिप द्यायची नाही. वाढणाऱ्या बाईला तिथे 'इमो' म्हणतात, म्हणजे मावशी, आईची बहीण! हे कळल्यापासून मला परकं वाटेनासं झालं. मी गोमांस-डुकराचं खात नाही. दोन शब्द पाठ केले, 'सोगोगी' म्हणजे गाईचं आणि 'त्वेजीगोगी' म्हणजे डुकराचं. बिबिमबाप मागवायचा आणि म्हणायचं, "गोगी प्पे जुसेयो," मांस काढून द्या. भात, भाज्या, वर अंडं आणि तिखट लाल चटणी येते. त्यांचं तिखट आपल्याला गोडच लागतं, ते सोडा. पक्के शाकाहारी असाल तर लक्षात घ्या, किमचीत बहुधा माशाचा किंवा कोलंबीचा अर्क असतो आणि साध्या दिसणाऱ्या सुपाचं पाणीही बऱ्याचदा मासळीचं असतं. एकटे असाल तर कोळशावर भाजून खायच्या हॉटेलांच्या वाट्याला जाऊ नका, तिथे अनेकदा दोघांचं मागवावंच लागतं. स्वस्तात पोटभर जेवलो ते पुतणीच्या विद्यापीठाच्या कँटीनमध्ये. बाहेरच्यांनाही तिथे मज्जाव नव्हता.

बघण्याच्या गोष्टींना फार पैसे लागतच नाहीत. ग्योंगबोकगुंग राजवाडा ३,००० वॉन, मंगळवारी बंद. भाड्याचा हानबोक, म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख, घालून गेलात तर प्रवेश फुकट, पण भाडं ३,०००पेक्षा जास्त, म्हणजे तो फोटोचा खर्च समजा. मी गेलो तेव्हा महिन्याच्या शेवटच्या बुधवारी राजवाड्यांना तिकीट नसायचं. माझी २९ तारीख तशी आपोआप जुळली. चोंगग्येचॉनचा ओढा, नाकसान टेकडीवरची जुनी तटबंदी, सगळं फुकट. बुकचॉनच्या जुन्या घरांच्या गल्लीत सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढ्याच वेळात जा. लोक राहतात तिथे, आणि २०२५पासून वेळेबाहेर फिरणाऱ्याला दंड आहे.

दक्षिणेकडच्या बुसान बंदराला जाताना केटीएक्स ही वेगवान गाडी घेतली, ५९,८०० वॉन, अडीच-पावणेतीन तास. परतताना मुगुंगह्वा ही साधी गाडी, २८,६०० वॉन, पाच तासांच्या वर. आयुष्यभर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्र काढणाऱ्याला पाच तासांचं काय! खिडकीतून भातकापणी झालेली शेतं दिसली. माझं ऐकाल तर दोन्हीकडून मुगुंगह्वाच घ्या. बुसानच्या नाम्पोदाँगला तव्यावर तळून, मधे बिया आणि विरघळलेला गूळसाखरेचा रस भरून 'सियात होत्तोक' देतात. आपल्या शेंगापोळीची लांबची बहीण. मी दोन खाल्ले.

राहण्यात मी डॉर्मची, म्हणजे अनेकांच्या खोलीतली, कॉट घेतली, रात्रीचे २७,००० वॉन. बुसानची एक रात्र मात्र जिमजिलबांगमध्ये काढली, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर. १५,००० वॉनमध्ये आंघोळ, गरम खोल्या आणि झोपायला जमीन. काउंटरवर पैसे दिले की मनगटाला लॉकरची किल्ली, एक टी-शर्ट, एक चड्डी. न्हाणीत बायका-पुरुष वेगवेगळे, पण आत कुणाच्याच अंगावर काही नसतं. पहिली पाच मिनिटं मी भिंतीकडे तोंड करून होतो. कुणीही आपल्याकडे बघत नाही हे कळलं की संपलं.

आणि तिथला टॉवेल! ४० बाय ८० सेंटीमीटरच्या वर नसेल. आपल्याकडे एवढ्याला नॅपकिन म्हणतात. मी उलटून शिवण बघितली, लूप चिमटीत धरून ओढला. दाट, पक्का माल. शेजारचा आजोबा टक लावून बघत होता. तेवढ्यात अंग पुसून होतं आणि वाळतोही पटकन, म्हणून तुम्हीही मोठा टॉवेल न्यायच्या भानगडीत पडू नका. होंगदेच्या गेस्टहाउसमधल्या टॉवेलवर तर काहीतरी छापलेलं होतं. पुतणीला फोटो पाठवला तर म्हणाली, कुणा आजीच्या सत्तराव्या वाढदिवसाला वाटलेला आहे, इथे समारंभात टॉवेल देतात. ती ऑर्डर आपल्याला कशी मिळेल, हा विचार परतीच्या विमानापर्यंत डोक्यात होता.

किरकोळ चार गोष्टी. रस्त्यावर कचऱ्याचे डबे क्वचित, एक पिशवी खिशात ठेवा. अडलात तर १३३० हा पर्यटकांचा नंबर इंग्रजीत बोलतो. पोलीस ११२, ॲम्ब्युलन्स ११९. खरेदीला पासपोर्ट सोबत न्या, कर परत देणाऱ्या दुकानांत १५,००० वॉनच्या बिलापासून सूट मिळते.

टी-मनीत उरलेले पैसे दुकानात ५०० वॉन कापून परत देतात. माझ्यात ४,३०० उरले होते. इंचॉनला सोडायला आलेल्या पुतणीला उरलेली चटणी दिली आणि कार्ड घेऊन काउंटरकडे वळलो. तिने ते हातातून काढून घेतलं. "राहू द्या काका, पुढच्या वर्षी काकूला लागेल."